टाकीच्या तळाशी काय घालावं

फिशटँकच्या दुकानात खरेदीचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी काच, मग मासे, मग फिल्टर, मग दिवा. पैसे देताना दुकानदार आठवण करतो, "खाली टाकायला काही नको का?" मग काउंटरजवळ टांगलेल्या एक-एक किलोच्या दोन पिशव्या उचलल्या जातात, निळ्या, गुलाबी नाहीतर पांढऱ्याशुभ्र. घरी आल्यावर हा क्रम उलटतो. टाकीत पहिलं पडतं ते हेच, आणि पुढे बदलायला सगळ्यात जड जातं तेही हेच. दिवा दोन मिनिटांत बदलता येतो, फिल्टर पाच मिनिटांत. तळ बदलायचा म्हटला की मासे काढा, झाडं उपटा, पाणी उपसा, आणि वर आठवडाभर जीव मुठीत धरून बसा. म्हणून तळाचा विचार दुकानात जायच्या आधी करावा, आणि तो घरच्या नळापासून सुरू करावा.

नळापासून अशासाठी, की वाळू आणि खडी यांचे दोन वर्ग पडतात. काही पाण्यात जशीच्या तशी राहतात आणि काही हळूहळू विरघळतात. विरघळणाऱ्यांत मुख्य म्हणजे चुना, शास्त्राच्या भाषेत कॅल्शियम कार्बोनेट. संगमरवराचे तुकडे, शिंपल्यांचा चुरा, प्रवाळाचा चुरा, चुनखडीचे खडे हे सगळे त्यात आले. ही मंडळी पाण्याचा कठीणपणा वाढवतात आणि पीएच, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं की अल्कलीकडे हे सांगणारा आकडा, वर ढकलतात. दुकानातली पांढरीशुभ्र खडी पुष्कळदा संगमरवराचीच असते. पण ती वाईट म्हणावी का? ते तुमच्या पाण्यावर आहे. मुंबईला धरणांचं मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, पाणी येतं. अशा पाण्यात संगमरवर बऱ्यापैकी विरघळतो आणि टेट्रा किंवा अपिस्टोग्रामासारख्या मऊ पाण्यातल्या माशांना ते मानवत नाही. मराठवाड्यातल्या किंवा पुण्याच्या बाहेरच्या सोसायट्यांतल्या बोअरच्या पाण्यात आधीच इतका चुना असतो, की संगमरवर टाकला काय आणि नाही काय, फारसा फरक पडत नाही. कोकणातल्या जांभ्यातल्या विहिरींचं पाणी मऊ आणि किंचित आम्लाकडे झुकणारं असतं. तिथे गप्पी, मॉली, प्लेटी पाळायचे असतील तर मूठभर शिंपल्यांचा चुरा औषधच ठरतो. तीच गोष्ट आरओचं पाणी टाकीत भरणाऱ्यांची. त्या पाण्यात पीएचला धरून ठेवणारं काही उरलेलं नसतं. टाकीतले जिवाणू माशांच्या घाणीवर काम करताना आम्ल तयार करतात, आणि काही महिन्यांनी पीएच एकदम घसरतो. अशा टाकीच्या फिल्टरमध्ये प्रवाळाच्या चुऱ्याची छोटी पुरचुंडी ठेवली तर घसरण थांबते. ती फिल्टरमध्ये ठेवावी, तळाला पसरू नये. पुरचुंडी कमी-जास्त करता येते.

वाळूत चुना आहे का हे घरी तपासता येतं. बहुतेक लोक कोरड्या वाळूवर व्हिनेगर ओततात आणि बुडबुडे दिसले की घाबरतात. ते बुडबुडे पुष्कळदा कणांमध्ये अडकलेल्या हवेचे असतात. म्हणून वाळू आधी साध्या पाण्यात भिजवून ढवळावी, पाणी काढून टाकावं आणि मग तिच्यावर पांढरं व्हिनेगर घालावं. कणांच्या अंगावरून बारीक बुडबुड्यांची माळ मिनिटभर चालू राहिली तर चुना आहे. व्हिनेगर सौम्य असल्यामुळे थोडा चुना त्यातून निसटतो. बाथरूम धुण्याचं आम्ल वापरलं तर पक्कं उत्तर मिळतं, पण हातमोजे घालून, गॅलरीत, आणि जवळपास ब्लीच नसताना. तपासलेली मूठ फेकून द्यावी, टाकीत घालू नये.

याहून मला भरवशाची वाटते ती बरणीची परीक्षा. एक वाटी धुतलेली वाळू आणि तीन वाट्या आरओचं पाणी एका काचेच्या बरणीत घालावं. शेजारी दुसऱ्या बरणीत नुसतं तेच पाणी ठेवावं. घरात आरओ असलेल्यांकडे टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं, पेन बहुधा असतंच. पहिल्या दिवशी आणि सातव्या दिवशी दोन्ही बरण्यांचा आकडा घ्यावा. वाळूच्या बरणीतला आकडा चाळीस-पन्नासनं चढला असेल तर ती वाळू पाण्याला काहीतरी देते आहे. दहा-पंधरानं चढला तर बिनधास्त वापरावी. सात दिवस थांबायचा कंटाळा येत असेल तर एवढं लक्षात घ्यावं, की ही वाळू टाकीत पुढे पाच-सात वर्षं राहणार आहे.

दख्खनच्या वाळूची एक गंमत आहे. आपल्याकडच्या कृष्णा, भीमा, गोदावरीच्या वरच्या पट्ट्यातली वाळू बेसॉल्टची, म्हणून काळपट. बेसॉल्ट स्वतः निरुपद्रवी, पाण्यात तो काही सोडत नाही. पण आपल्या बेसॉल्टमध्ये जागोजागी पोकळ्या असतात आणि त्यांत पांढरे स्फटिक भरलेले असतात. त्यांतले काही झिओलाइट असतात, काही कॅल्साइट, म्हणजे चुनाच. वाळूत दोन्हींचे पांढरे कण दिसतात आणि डोळ्यांना सारखेच वाटतात. झिओलाइट व्हिनेगरला दाद देत नाही, कॅल्साइट लगेच फसफसतो. दुसरं म्हणजे या वाळूत मॅग्नेटाइटचे बारीक काळे कण असतात. धुतलेली वाळू कोरडी करून तिच्यातून जाड लोहचुंबक फिरवला तर त्याला दाढी फुटल्यासारखे कण चिकटतात. टाकीला ते विषारी नाहीत, पण काच घासायच्या चुंबकी घासणीत एकदा शिरले की काचेवर कायमचे ओरखडे उमटतात, आणि पॉवरहेडच्या, म्हणजे टाकीत पाणी फिरवणाऱ्या छोट्या पंपाच्या, फिरत्या चुंबकाला चिकटले तर तो झिजवतात. रत्नागिरीकडच्या काळ्या किनारी वाळूत अशी खनिजं आणखी जास्त. तळ टाकण्यापूर्वी चुंबक फिरवायचे दहा मिनिटांचे कष्ट जरूर घ्यावेत.

आता वाळू आणायची कुठून? नदीतून किंवा किनाऱ्यावरून बादलीभर उचलून आणायचा मोह होतो. पण परवान्याशिवाय वाळू काढणं कायद्यात बसत नाही, आणि किनाऱ्याच्या वाळूत मीठ आणि शिंपलेही येतात. सोपा आणि स्वस्त मार्ग म्हणजे पाणी शुद्धीकरणाच्या किंवा स्विमिंग पूलच्या फिल्टरमध्ये भरायची सिलिका वाळू. ती चाळून, जाडीप्रमाणे वर्ग करून, पन्नास किलोच्या गोणीत मिळते. सोळा-तीस जाळीचा वर्ग मागितला की कण साधारण ०.६ ते १.२ मिलिमीटरचे येतात. सिंधुदुर्गातल्या कासार्डे भागात अशा सिलिका वाळूच्या खाणी आहेत. दोन-तीन जणांनी मिळून गोणी घेतली तर दुकानातल्या रंगीत पिशवीच्या कितीतरी कमी भावात पडते. सिलिका वाळूनं टाकीत तपकिरी शेवाळ येतं असं म्हणतात. नव्या टाकीत पहिले काही आठवडे तपकिरी थर बहुधा येतोच, वाळू कुठलीही असो. सिलिका वाळू म्हणजे क्वार्ट्झ, आणि त्याचा कण पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्या शेवाळाला लागणारं सिलिकेट मुख्यतः नळाच्या पाण्यातून येतं. महिन्या-दीड महिन्यात थर आपोआप ओसरतो.

बांधकामाची क्रश सँड घेऊ नये. खडी फोडून केलेली ती कच कोनदार असते, आणि तिच्यातली पूड धुता धुता बादल्या संपतात, गढूळपणा संपत नाही.

कणाच्या जाडीवर जितकं बोलावं तितकं थोडं, कारण तळाची निम्मी दुखणी जाडीतून येतात. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाळू घट्ट बसते, पाण्याला आत जाऊ देत नाही, आणि मासा जरा जोरात फिरला की उडून फिल्टरमध्ये जाते. पाच मिलिमीटरहून जाड खडीचा त्रास उलटा. माशांचं खाणं आणि विष्ठा फटींतून खाली घसरते. वरून टाकी लखलखीत दिसते आणि खाली कुजत असतं. माशांना विषारी असलेला अमोनिया वाढतो, जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करत राहतात, आणि पाणी बदलूनही नायट्रेट का उतरत नाही हे मालकाला कळत नाही. एक ते दोन मिलिमीटरची रवाळ वाळू बहुतेक घरांना पुरते. घाण तिच्या पृष्ठभागावरच राहते, दिसते आणि उचलता येते. वाळू लवकर घाण होते अशी तक्रार ऐकू येते. मला तो वाळूचा गुण वाटतो. खडीही तेवढीच घाण होते, फक्त दाखवत नाही.

घरी वाळू वेगळी करायला खिडकीच्या मच्छरजाळीचा तुकडा आणि बागकामाची तीन मिलिमीटरची चाळण पुरते. आधी कोरडी वाळू चाळणीतून घालावी, वरचे खडे बाजूला. मग तीच जाळीवर घोळावी, खाली पडलेली पूड बाजूला. मधलं जे उरलं ते आपलं. कोरडं चाळल्यानं धुण्याचे कष्ट निम्म्यावर येतात.

रंगीत खडीबद्दल थोडक्यात. तिच्यावर रंगाचा किंवा रेझिनचा थर असतो. चांगल्या प्रतीच्या खडीवर तो टिकतो, स्वस्तातल्या खडीचा सुटतो. मूठभर खडी पेलाभर गरम पाण्यात रात्रभर ठेवावी, सकाळी पाण्याला रंग आला किंवा तवंग दिसला तर ती टाकीत नको. रंग टिकला तरी दुसरी अडचण राहते. अनेक मासे खालच्या रंगाप्रमाणे आपला रंग फिका-गडद करतात. पांढऱ्या किंवा फिक्या निळ्या तळावर तेच निऑन टेट्रा निस्तेज दिसतात आणि काळपट वाळूवर खुलतात. माशांवर खर्च करून त्यांचा रंग तळानं घालवायचा, हे गणित मला कधी पटलेलं नाही.

मासा कोणता, यावर मग तपशील ठरतो. गोल्डफिश तोंडात तळ भरतो, चाळतो आणि थुंकतो. चार ते आठ मिलिमीटरची खडी त्याच्या घशात अडकण्याची भीती असते, आणि दुर्दैवानं दुकानातली नेहमीची खडी नेमकी त्याच मापाची. त्याला एकतर दोन मिलिमीटरच्या आतली वाळू द्यावी, नाहीतर तोंडात मावणारच नाहीत असे मोठे गोटे. कोरिडोरस हा तळाशी फिरणारा छोटा मिशाळ मासा वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून बाहेर सोडतो. त्याच्या मिशा झडल्या की लोक कोनदार खडीला दोष देतात. तो दोष असतोच, पण मिशा झडण्यात घाण तळातल्या जिवाणूंचा वाटा बराच मोठा असतो. गुळगुळीत वाळूही सहा महिने न उपसता ठेवली तर मिशा राहत नाहीत. लोच माशांना वाळू हवीच. आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांचा झेब्रा लोच, बोटिया स्ट्रिआटा, आज संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. तो घेतलाच तर निदान बारीक वाळू, गोटे आणि लपायला जागा एवढं तरी द्यावं. वाळूत स्वतःला पुरून घेणाऱ्या काटेरी वामेसारख्या माशांना एक मिलिमीटरच्या आतली वाळू आणि सहा-सात सेंटीमीटर खोली लागते. खरखरीत तळात घुसताना त्यांचं अंग सोलवटतं आणि जखमेवर बुरशी धरते.

फ्लॉवरहॉर्न आणि ऑस्कर तळ खणतात, खातात भरपूर आणि घाण करतात त्याहून भरपूर. त्यांना उघडी काच बरी. उघड्या काचेचं प्रतिबिंब माशांना बिचकवतं, म्हणून टाकीखाली बाहेरून काळा कागद लावावा. आजारी माशांची टाकीही उघडीच हवी, कारण वाळू आणि माती काही औषधं शोषून घेतात आणि मात्रा चुकते. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात तर परजीवी माशाच्या अंगावरून गळून तळाला चिकटतो आणि तिथेच त्याची शेकडो पिल्लं होतात. म्हणून त्या रोगात औषधाच्या जोडीनं रोज तळ सायफन करण्याला, म्हणजे नळीनं घाण ओढून काढण्याला, फार महत्त्व आहे. उघड्या काचेवर ते दोन मिनिटांचं काम.

तळाखालची जाळीदार पट्ट्यांची फिल्टर प्लेट अजूनही खूप टाक्यांत असते, हवेच्या पंपावर चालणारी. ती असेल तर वरचा सगळा वाळूपुराण गुंडाळून ठेवायचा. वाळू प्लेटच्या फटींतून खाली जाते, प्रवाह बंद पडतो आणि खाली कुजायला लागतं. तिथे तीन ते पाच मिलिमीटरची खडी, पाच ते सात सेंटीमीटर जाड, सगळीकडे सारखी. कुठे थर पातळ राहिला की पाणी तिथूनच वाट काढतं आणि बाकीचा तळ मरतो. या फिल्टरमध्ये खडी हाच फिल्टर असल्यामुळे ती सगळी एकाच दिवशी धुतली तर जिवाणूही धुतले जातात आणि तीन दिवसांत मासे वर तोंड काढतात.

झाडं लावायची असतील तर विषय बदलतो, आणि मला विचाराल तर इथेच खरी मजा आहे. आधी झाडांचे दोन गट ओळखावेत. अनुबियास, जावा फर्न, मॉस यांना तळाचं देणंघेणं नाही. ती दगडाला किंवा लाकडाला बांधावीत. अनुबियासचं जाड आडवं खोड वाळूत पुरलं तर कुजतं. मुळांवर जगणारी झाडं म्हणजे क्रिप्टोकोरीन, व्हॅलिसनेरिया, अॅमेझॉन स्वोर्ड. क्रिप्टोकोरीन तर आपल्याकडच्या ओढ्या-नद्यांतलंच झाड. क्रिप्टोकोरीन स्पायरॅलिस आणि रेट्रोस्पायरॅलिस या जाती पश्चिम घाटातल्या पाण्यात मुळं रोवून असतात. अशी दोन-चारच झाडं असतील तर साध्या वाळूत मुळांशी खताच्या गोळ्या खुपसाव्यात, दर दहा-पंधरा सेंटीमीटरला एक, दर तीन महिन्यांनी. एवढ्यावर भागतं.

भरगच्च झाडं हवी असतील तर वाळूखाली माती. अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांनी लोकप्रिय केलेली ही पद्धत आहे. खाली अडीच सेंटीमीटर माती, वर तेवढीच किंवा थोडी जास्त वाळू. परदेशात पिशवीबंद माती मिळते, आपल्याकडे माती निवडावी लागते. नर्सरीतलं तयार मिश्रण नको. त्यात शेणखत, निंबोळी पेंड आणि कोकोपीट असतं. कोकोपीट तरंगतं, खत अमोनिया सोडतं. गांडूळखताबद्दलही तेच. पोयटा सगळ्यात बरा, नदीकाठचा, खत न घातलेला. देशावरची काळी माती मोहात पाडते, कारण ती अन्नद्रव्यं घट्ट धरून ठेवते. पण ती पाण्यात फुगते, चिकट होते, मुळांना हवा देत नाही, आणि तिच्यात चुनखडीचे बारीक खडे असतात. पोयट्यात एक दशांशापर्यंत मिसळली तर चालेल, एकटी नको.

कोकणातल्यांना जांभा आहे. जर्मनीतल्या डुप्ला कंपनीनं मत्स्यालयाच्या तळात घालायला लॅटेराइट, म्हणजे जांभ्याचीच जातकुळी, विकून नाव कमावलं. जांभ्यात लोह भरपूर. पण ते गंजाच्या रूपात असतं आणि प्राणवायू असलेल्या पाण्यात विरघळत नाही. म्हणून जांभ्याची पूड वरच्या थरात टाकून काही उपयोग नाही, नुसतं लाल पाणी होतं. तळाच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात, जिथे प्राणवायू कमी असतो, तिथे लोहाचं रूप पालटतं आणि मुळांना ते घेता येतं. वाळूच्या खालच्या थरात दहा भागाला एक भाग जांभ्याची धुतलेली भरड पुरे. जांभ्यात लोहाखेरीज देण्यासारखं फार काही नाही. नत्र, पालाश इतर ठिकाणाहून यायला हवं.

माती कुठलीही असो, ती टाकीत जाण्यापूर्वी मुरवावी लागते. चाळून काडीकचरा काढावा, टबात पाणी घालून ढवळावी, वर तरंगणारं फेकावं, एक दिवसानं पाणी ओतून द्यावं आणि माती ताडपत्रीवर उन्हात पूर्ण वाळवावी. हे तीन-चार वेळा. एप्रिल-मे महिन्यात तीन आठवड्यांत होतं, पावसाळ्यात नादाला लागू नये. यात मातीतला सहज कुजणारा भाग संपतो आणि मोकळा अमोनिया निघून जातो. मग माती चिखलाएवढी ओली करून तळाला पसरावी, पुढच्या काचेपासून चार-पाच सेंटीमीटर जागा सोडून, म्हणजे काचेतून मातीची पट्टी दिसत नाही. वर तीन सेंटीमीटर एक-दोन मिलिमीटरची वाळू. वाळू याहून बारीक घेतली तर माती श्वास घेत नाही, जाड खडी घेतली तर माती तिच्यातून वर येते. पहिल्याच दिवशी दाट लागवड करावी. व्हॅलिसनेरिया, वॉटर स्प्राइट, हायड्रिला, जे वेगानं वाढतं ते. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड निम्मं पाणी बदलावं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत मासे नाहीत, मग चार आठवडे लागोत की सहा. मातीच्या टाकीत गोल्डफिश, फ्लॉवरहॉर्न वगैरे खणणारी मंडळी कधीच नकोत, आणि झाड उपटायचं झालं तर उपटू नये, बुंध्याशी कापावं.

ज्यांना हा चिखल नको त्यांच्यासाठी अॅक्वा सॉइल. भाजलेल्या मातीच्या गोळ्या. ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकारानं १९८२ मध्ये काढलेल्या कंपनीमुळे पाण्यातल्या बागेची ही शैली जगभर गेली, आणि आज अनेक कंपन्या अशी माती विकतात. ती महाग आहे आणि झाडांसाठी खरोखर उत्तम आहे. ती पाण्यातला क्षार ओढून घेते आणि पीएच साडेसहाच्या आसपास आणते. इथे पुन्हा नळ आठवावा. चारशे टीडीएसच्या बोअरच्या पाण्यात ही ताकद काही महिन्यांत संपते आणि उरतात त्या महागड्या काळ्या गोळ्या. मऊ पाण्यात ती दीड-दोन वर्षं टिकते. ती धुवायची नाही, चुरा होतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती स्वतःच अमोनिया सोडते, तेव्हा मासे सोडायचे नाहीत आणि पाणी बदलत राहायचं.

किती घ्यायचं हे लोक अंदाजानं ठरवतात आणि कमीच घेतात. हिशेब सोपा आहे. टाकीची लांबी, रुंदी आणि थराची जाडी सेंटीमीटरमध्ये गुणावी, हजारानं भागावं, लिटर मिळतात. साठ गुणिले तीसची दोन फुटी टाकी आणि पाच सेंटीमीटर थर म्हणजे नऊ लिटर. वाळूचं वजन लिटरमागे सुमारे दीड ते एक पूर्णांक सहा किलो, म्हणजे चौदा किलो. दुकानातल्या एक-एक किलोच्या दोन पिशव्यांतून या टाकीत सात मिलिमीटरचा थर पडतो, जेमतेम काच झाकण्यापुरता. अॅक्वा सॉइल वजनानं हलकी, तिची नऊ लिटरची पिशवी याच टाकीला नेमकी बसते. चार फूट बाय दीड फुटाच्या टाकीला तोच थर चाळीस किलोंवर जातो, तेव्हा स्टँड घेताना तळाचं वजन धरावं. झाडं नसतील तर दोन-तीन सेंटीमीटर थर पुरतो आणि खरं तर तोच चांगला, कारण जाड थर ढवळणारं कोणी नसेल तर तो आतून बिघडतो. झाडं असतील तर पुढे तीन आणि मागे आठ असा उतार द्यावा. मासे आणि गुरुत्वाकर्षण मिळून तो वर्षभरात सपाट करतात. मागे काही दगड पुरून पायरी केली तर तो टिकतो.

धुताना बादली एक तृतीयांशच भरावी. पाइप तळापर्यंत खुपसून जोरानं पाणी सोडावं, हातानं ढवळावं, पाच-सहा सेकंद थांबून गढूळ पाणी ओतावं. आठ-दहा वेळा. पाणी पूर्ण नितळ होण्याची वाट पाहू नये, हात तळाशी दिसला की झालं. हे पाणी बाथरूमच्या मोरीत ओतू नये. वाळू जाळीखालच्या वळणात बसते आणि नंतर प्लंबरला बोलवावं लागतं. दुसऱ्या बादलीत रात्रभर निवळू द्यावं, वरचं झाडांना घालावं, गाळ कचऱ्यात. निर्जंतुक करायला उकळतं पाणी पुरतं. दगड ओव्हनमध्ये किंवा गॅसवर तापवू नयेत. आतली वाफ कोंडून ते फुटतात.

टाकीत रचताना मोठे दगड आधी, थेट काचेवर, खाली पातळ प्लॅस्टिकचा किंवा फोमचा तुकडा घालून. वाळू नंतर त्यांच्याभोवती. वाळूवर ठेवलेल्या दगडाखाली मासा खणला की दगड कलंडतो आणि काच तडकते. पाणी भरताना वाळूवर ताटली उपडी ठेवून तिच्यावर बारीक धार सोडावी. पहिल्या दिवसाचा गढूळपणा धुळीचा, तो दोन दिवसांत बसतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुधासारखा पांढुरका ढग आला तर ते जिवाणू. त्याला काही करू नये, तो आपोआप जातो. ओळखीत कोणाची निरोगी जुनी टाकी असेल तर तिच्यातली मूठभर वाळू जुन्या पायमोज्यात बांधून नव्या टाकीत ठेवावी, जिवाणूंचं विरजण लवकर लागतं.

पुढे सहा महिन्यांनी काचेतून वाळूत काळे डाग दिसतात आणि घाबरगुंडी उडते. प्राणवायू न पोचलेल्या जागी सल्फाइड तयार होतं, लोहाशी मिळून ते काळं दिसतं. तिथे काडी खुपसली तर कुजक्या अंड्याचा वास येतो. हा हायड्रोजन सल्फाइड माशांना विषारी आहे, पण थोडा थोडा सुटला तर वर येता येता प्राणवायूच्या पाण्यात संपून जातो. धोका असतो तो एकाच दिवशी सगळा तळ उकरण्यात. म्हणून एका दिवशी पाव भागच ढवळावा, आणि त्याच वेळी तिथलं पाणी सायफननं ओढावं. मातीच्या टाकीत पहिल्या महिन्यात अधूनमधून बुडबुडे सुटतात, त्यांना वास नसेल तर काळजी नाही. रोजचा उपाय स्वस्त आहे. विणायची सुई आठवड्यातून एकदा मोकळ्या वाळूत जागोजागी खुपसायची. किंवा मलेशियन ट्रम्पेट स्नेल, लांबट शंखाच्या गोगलगायी, ज्या आपल्या ओढ्यातही सापडतात, त्या सोडाव्यात. दिवसा वाळूत राहून त्या ती हलवत ठेवतात. जास्त खाणं टाकलं तर त्यांची फौज होते, आणि तीच खूण समजावी की खाणं जास्त होतंय.

सायफनची रीत तळाप्रमाणे बदलते. खडीत नळी खालपर्यंत खुपसायची. वाळूवर नळी एक-दोन सेंटीमीटर वर धरून गोल फिरवायची, विष्ठा उठते आणि वाळू बसते. वाळू वर चढायला लागली की पाइप बोटांनी क्षणभर चिमटायचा. दोन फुटी टाकीला बारा मिलिमीटरचा पाइप पुरे. जाड पाइपनं काम व्हायच्या आत टाकी रिकामी होते.

आणि चुकीचा तळ आधीच पडलेला असेल तर? बदलता येतो. खडी असेल आणि मासे थोडे असतील तर दर आठवड्याला एक तृतीयांश काढून तिथे वाळू घालत जावं. माती असेल तर असं करता येत नाही. सगळं एकदाच काढावं लागतं, आणि त्या दिवशी मासे टाकीत नकोत. टाकीतलं वरचं निम्मं पाणी टबात घ्यायचं, मासे त्यात, वर झाकण आणि आत हवेच्या पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा दगड. फिल्टरचा स्पंज त्याच पाण्यात बुडवून ठेवायचा, नळाखाली धुवायचा नाही आणि कोरडाही होऊ द्यायचा नाही, कारण तळातले जिवाणू आज जाणार आहेत आणि उरलेले सगळे त्या स्पंजात आहेत. नवा तळ घातल्यावर मासे परत सोडावेत, पहिला आठवडाभर खाणं निम्मं, आणि दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी अमोनियाची चाचणी. शून्याच्या वर काहीही दिसलं तर त्याच दिवशी एक तृतीयांश पाणी बदलावं, क्लोरीन काढलेल्या पाण्यानं.